पाहायला शिकवणारी सोनूबाई

जालन्यात मस्तगडच्या उतारावर मुलींची एक खाजगी शाळा होती, आठवीपर्यंतची. तिथं सोनूबाई चित्रकला शिकवायला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं नकलेची पुस्तकं गोळा करून कपाटात टाकली. आंबा, पोपट, पिंपळाचं पान. मुली वर्षानुवर्षं तेच गिरवत आल्या होत्या. सोनूबाईनं झुंबरबाईला पाण्याचा हंडा आणायला सांगितलं. झुंबरबाई म्हणजे शाळेची शिपाईण; घरोघर फिरून मुलींना शाळेत आणायचं आणि परत पोचवायचं, हे तिचं काम. हंडा आला, स्टुलावर ठेवला गेला, आणि सोनूबाई म्हणाली, काढा. सगळ्या मुलींनी हंड्याचं तोंड भाकरीसारखं गोल काढलं.

"गोल दिसतंय का तुमाला?" तिनं विचारलं.

मुली म्हणाल्या, हंड्याचं तोंड गोलच असतं.

"असतं ते मला म्हाईत हाय. तुमी बसल्या तिथून कसं दिसून राह्यलं, ते सांगा."

मग भिंतीकडची एक बारकी मुलगी म्हणाली, "चपटं. डोळ्यासारखं."

ही जमना. शाळेचे आधारस्तंभ सुरजमल शेठ, त्यांच्या धाकट्या भावाची, बद्रीनारायणची मुलगी. आई बाळंतपणातच गेलेली. वाढवली ती सुरजमल शेठच्या बायकोनं, संतोषबाईनं. संतोषबाईला स्वतःचं मूल नव्हतं. जमना तिला बडी माँ म्हणायची आणि तिच्याच अंगणातल्या खोलीत झोपायची. त्या दिवसापासून सोनूबाईचं जमनाकडं लक्ष गेलं.

सोनूबाई मूळची केदारखेड्याची, कुणब्याची लेक. खुरपं धरायचे ते हात नशिबानं रंगात गेले, कारण नवरा मिळाला पेंटर. कारभारी त्याचं नाव; तो नाटक कंपनीचे पडदे रंगवायचा: राजवाडा, जंगल, रस्ता. लग्नानंतर तीही त्याच्यामागं गावोगाव फिरली. सरस उकळायचा, त्यात रंग कालवायचे, पडदा जमिनीवर पसरून कोपरे ताणून धरायचे, ही तिची कामं. लिहायवाचायलाही तिला त्यानंच शिकवलं, पडद्यावरच्या अक्षरांवरून. खेळ सुरू झाला की ती विंगेत बसायची आणि नाटकापेक्षा बघणाऱ्यांकडंच जास्त बघायची. राणीचं काम करणारा नट ऊर बडवून रडायचा तेव्हा लोक खुशाल शेंगा फोडत असायचे. त्याच खेळात दासीचं काम करणारा एक पोरगेलासा नट होता. राजपुत्र मेल्यावर तो नुसता त्याचा अंगरखा उचलायचा, झटकायचा आणि नीट घडी घालून ठेवायचा. तेवढ्यापुरते शेंगा फोडणारे हात थांबायचे. हे सोनूबाईच्या मनात घर करून बसलं.

कंपनीचा मुक्काम जालन्याला एका जिनिंगच्या आवारात असताना कारभारीला ताप भरला आणि त्यातच तो गेला. कंपनी रेल्वेनं परभणीकडं निघून गेली. सोनूबाईच्या वाट्याला रंगाच्या पेट्या राहिल्या. माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली भाकरी खाण्यापेक्षा इथंच हातपाय हलवू, असं तिनं ठरवलं. मारवाडी गल्लीत लग्नघराच्या दारांवर हत्ती-घोडे काढायला ती जाऊ लागली. हात सुबक, बोलणं कमी. घराघरांतून वावर झाला. सुरजमल शेठच्या घरी तर ती बिलकुल घरच्यासारखी होती. शाळेला चित्रकलेसाठी बाईमाणूस मिळेना तेव्हा शेठजीच म्हणाले, सोनूबाईला ठेवा. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, आधी परीक्षा द्यायला लावली, ती तिनं दिली, आणि विंगेत बसणारी बाई वर्गासमोर उभी राहिली. शेठजींचे हे उपकार ती कधी विसरली नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं आली. रंगीत खडू मिळेनासे झाले, कागदाची टंचाई झाली. सोनूबाईनं मग कागदाशिवाय शिकवायला सुरुवात केली. तिनं मुलींना सांगितलं, आठवडाभर घरातल्या एकाच माणसाकडं पाहा. ते बसतं कसं, पाणी कसं पितं, कुणी आलं की त्याचे हात कुठं जातात. मग वर्गात येऊन तसं बसून दाखवा. नाव सांगायचं नाही. एका मुलीनं सुईत दोरा ओवणारी आजी दाखवली. वाकली, डोळे बारीक केले, मुली हसल्या. सोनूबाई हसली नाही. ती म्हणाली, ही साऱ्या गावाच्या आज्या मिळून एक झाली, तुझी कुठं आहे? दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आली आणि सुई धरलेला हात मांडीवर टेकवून नुसती बसून राहिली. तिची आजी सुई ओवतच नव्हती. कुणीतरी येऊन ओवून देईल म्हणून वाट बघत होती. त्या वेळी वर्गात कुणी हसलं नाही.

असे तास होऊ लागले तसा मुलींना नादच लागला. मोठ्या बाई थोड्या कुरकुरल्या, पण हिवाळ्यातल्या गॅदरिंगला नाटक बसवायचं काम त्यांनी सोनूबाईकडंच दिलं. तिनं स्वतःच एक छोटा खेळ लिहिला. एका घरी पाहुणा येतो आणि जायचं नावच घेत नाही. घरातली बाई हरप्रकारे सुचवून बघते. शेवटी पाहुणा निघतो, आतून नवरा पाणी मागतो, बाई तांब्या घेऊन आत जाते, पडदा. हसायचा खेळ. त्या काळी चार माणसांपुढं काही करायचं तर पोलिसांची परवानगी लागायची, म्हणून त्याचा उर्दू तर्जुमा करून अमीनसाहेबांच्या कचेरीत दिला. घरगुती खेळ आहे, हरकत नाही, असा शेरा पडून तो परत आला.

बाईचं काम जमनाकडं होतं. तालमीत ती चांगलं करत होती, पण एका दिवशी तिनं एक नवंच काढलं. डावीकडून पाहुण्यानं हाक मारली तरी ती वळेना. दुसरी हाक आली तेव्हा ती सगळीच्या सगळी फिरली आणि उजवा कान आवाजाकडं धरून उभी राहिली.

"ही मान कुठून आणली?" सोनूबाईनं विचारलं.

"घरी पाह्यली, बाई."

सोनूबाईला ती मान ओळखू आली. ती संतोषबाईची होती. मारवाडी गल्लीत बोललं जायचं की सुरजमल शेठच्या बायकोला गर्व आहे, डावीकडून कुणी बोललं तर ओ देत नाही. सोनूबाईनंही ते ऐकलं होतं आणि मोठ्या घरची तऱ्हा म्हणून सोडून दिलं होतं. आता पहिल्यांदा तिच्या मनात आलं की ही बहिरी आहे, एका कानानं. का बहिरी, हा पुढचा प्रश्न दारापर्यंत आला होता. पण ते वळणं इतकं खरं होतं, समोरच्या मुलींचे पदराशी चाळा करणारे हात जागच्या जागी थांबले होते, की तिनं तो प्रश्न आत घेतला नाही. तिला ते दृश्य हवं होतं. असंच ठेव, एवढंच ती म्हणाली.

गॅदरिंगच्या दिवशी पटांगणात कनाती लागल्या. बघायला फक्त बायका, पुरुषांना मनाई. पुढच्या ओळीत मध्यभागी अध्यक्षीण म्हणून संतोषबाई, ओढणी कपाळापर्यंत घेतलेली, दोन्ही बाजूंना गल्लीतल्या शेठाण्या. आत सोनूबाईचा पडदा दोरीत अडकला होता आणि ती स्टुलावर चढून गाठ सोडवत होती. जमना तिच्याजवळ आली.

"बाई, जेवढं पाह्यलं तेवढं सगळं दाखवायचं का?"

"सगळं. मागं काहीच ठेवायचं न्हाई," सोनूबाई गाठीकडं बघतच म्हणाली.

खेळ रंगला. पाहुण्यावर बायका पोट धरून हसल्या. मान फिरवण्याच्या जागेला काही जणी जरा चुळबुळल्या, इतकंच. मग पाहुणा गेला. आतून नवऱ्याची हाक आली. लिहिलेल्याप्रमाणं जमनानं तांब्या उचलला, दोन पावलं गेली, आणि थांबली. तिनं तांब्या खाली ठेवला. हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि कोनाड्यात ठेवल्या, आवाज होणार नाही अशा. सवाष्ण बाई बांगड्या उतरवते म्हटल्यावर बायकांत कुजबुज उठली. जमनानं मनगटं पदरानं झाकली, डावा खांदा कानाशी आणला, पुन्हा तांब्या उचलला आणि आत गेली. फुटलेल्या काचेनं हात कापू नयेत म्हणून रोज काढून ठेवणाऱ्या बाईच्या सवयीनं, काही विशेष नसल्यासारखं, तिनं ते केलं.

कुजबुज तिथंच विझली. कोण कुठं बघत होतं हे सोनूबाईला विंगेतून दिसत होतं. पुढच्या ओळीतल्या बायका संतोषबाईकडं बघत होत्या. संतोषबाई उठली नाही. तिचा हात तिच्याही नकळत डाव्या कानाकडं गेला आणि तिथंच राहिला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बक्षिसं वाटायची होती. संतोषबाईनं ती वाटली, एकेका मुलीच्या हातात, नीट, आणि जमनाची पाळी आली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्या मुलीला बोलावलं. मग पडद्याच्या टांग्यात बसून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सुरजमल शेठ शाळेत आले. मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांनी सोनूबाईला बोलावलं. ते रागावलेले दिसत नव्हते. उंच, शांत माणूस, बोलणं हलकं.

"बाई, तो खेळ कोणी लिहिला?"

"मी लिहिला, शेठजी."

"आणि बांगड्यांचं? ते कागदात तर नव्हतं. मी कचेरीतून कागद मागवून वाचला."

"ते मागून घातलं. पोरीला मीच सांगितलं."

"तुम्ही कुठं पाह्यलं असलं?"

"कंपनीबराबर फिरत होते, शेठजी. लई घरं पाह्यली."

ती खोटं बोलते आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे तिला. पण तिचं खोटं त्यांच्याही सोयीचं होतं. त्यांनी मोठ्या बाईंकडं वळून सांगितलं की उद्यापासून चित्रकलेची गरज नाही, मुलींना शिवणकाम शिकवा. जमनाला त्यांनी काही केलं नाही, निदान बाहेर काही ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी झुंबरबाई तिला आणायला गेली तेव्हा दारातूनच परत पाठवली गेली.

गावानं सुरजमल शेठला एक शब्दही विचारला नाही. बोल लावला तो सोनूबाईला. ही बाई घरात रंगाच्या पेट्या घेऊन येते आणि जाताना घरातलं बाहेर नेते, असं बोललं जाऊ लागलं. तिच्यावर दार रंगवायचं काम कुणी सोपवेना. ज्या बायका त्या दिवशी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, त्याही रस्त्यात दिसल्या की ओढणी पुढं ओढून घ्यायच्या. तिला त्याचा राग आला नाही. तिला दिवसरात्र एकच खात होतं. इतकी वर्षं ती त्या घरात गेली होती. संतोषबाईच्या हातचं पाणी प्याली होती. कोनाड्यातल्या बांगड्याही तिनं पाहिल्या असणार. मुलींना रोज सांगायची, पाहा, आणि स्वतः?

माघ महिन्यात झुंबरबाई निरोप घेऊन आली. संतोषबाई दुपारी कुंडलिकेच्या काठच्या महादेवाला येणार होती. सोनूबाई गेली. देवळात दुसरं कुणी नव्हतं. संतोषबाई गाभाऱ्याच्या पायरीवर बसली होती. तिनं सोनूबाईला आपल्या उजव्या हाताला बसवून घेतलं.

सोनूबाईनं तिच्या पायांवर हात ठेवायचा प्रयत्न केला. तिनं तो धरून बाजूला केला.

"माफी नको मागू," ती म्हणाली. "तेवढं ऐकायला मी आले न्हाई. मला एकच सांग. जमनानं हे कधीपासून पाह्यलं?"

"मला ठाव न्हाई, शेठाणीबाई."

"मी दार लावून घेत होते. तोंडात पदर धरत होते. मला वाटायचं, लेकरू झोपलंय." "लोकांना कळलं त्याचं काय न्हाई. माझं झाकलेलं उघडं पडलं, पडू दे. पण ती पोर जागी राहत होती, सोनू. इतकी वर्षं ती जागी राहत होती."

सोनूबाईनं विचारलं, आता घरी कसं आहे. संतोषबाई म्हणाली, तेव्हापासून त्यांनी हात उचलला नाही. लाज वाटून नव्हे; गल्लीतल्या बायका आता भेटल्या की आधी माझ्या हातांकडं बघतात, हे त्यांना कळलंय म्हणून. पण जमनाचं लग्न जमवलंय. लांब, आमच्या मुलखात, सीकरकडं. मी बोलून बघितलं, माझं कोण ऐकतं. एवढं सांगून ती उठली. तिचे उपकार मानावेत की तिला शाप द्यावा हे मलाच कळत नाही, असं ती जाता जाता म्हणाली. कोणाचे, जमनाचे की सोनूबाईचे, ते तिनं सांगितलं नाही.

वैशाखात जमनाचं लग्न झालं. दारावरचे हत्ती औरंगाबादहून आणलेल्या माणसानं काढले. वऱ्हाड निघालं त्या दिवशी सोनूबाई स्टेशनवर गेली आणि बायकांच्या डब्यासमोर उभी राहिली. डब्यात घुंगट घेतलेल्या चार-पाच जणी होत्या. त्यांतली जमना कोणती, हे तिला ओळखता आलं नाही.

जालन्यावरून तिचं मन उडालं. शहागडला गोदावरीच्या काठी एक म्हातारे गुरुजी पाठशाळा चालवत होते. त्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. सोनूबाई तिथं गेली. अंकलिपीही शिकवली, चित्रही शिकवलं. पण तिथं तिनं एक नियम घातला. ज्याला काढायचं, त्याला आधी विचारायचं. नावाडी असो, भाजीवाली असो. तुला काढू का, म्हणून विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर झाड काढायचं. मुलांना ते जड जायचं. विचारलं की माणसं ताठ बसत, केस नीट करत, खरं काही उरत नसे. गुरुजीही म्हणाले, बाई, अशानं चित्रं मेल्यासारखी येतात. ती म्हणाली, येऊ द्या. नाटक मात्र तिनं पुन्हा बसवलं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

मधे रझाकारांचे दिवस आले. जालन्यातली पुष्कळ मारवाडी घरं मनमाड-नगरकडं निघून गेली होती. पोलीस ॲक्शननंतर परत आली होती. त्या दिवाळीला झुंबरबाईचा निरोप आला की जमना माहेरी आलीय, कडेवर मूल आहे, आणि ती बाईंची चौकशी करत होती. सोनूबाई मिळेल त्या मोटारीनं जालन्याला पोचली. सुरजमल शेठच्या दारावर तिरंगा लागला होता. शेठजी आता खादी घालत होते, सत्कार समितीत होते. ओसरीवर माणसांत बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि समोरच्या माणसाशी बोलत राहिले. कुणी अडवलं नाही.

आत संतोषबाईनं तिला बसायला पाट दिला. तिचे केस पिकले होते. जमना आली, पाया पडली, समोर बसली. अंगानं भरली होती. दागिने होते, कपडे भारी होते. मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं.

सोनूबाई तिच्याकडं पाहू लागली. न पाहणं तिला जमलंच नसतं. खांदे कसे आहेत, ओसरीवरून पुरुषाचा आवाज आला की मान कुठं जाते, मूल हललं की हात घाईनं जातो की सावकाश. आणि तिच्या लक्षात आलं की ती पाहतेय हे जमनाला ठाऊक आहे. जमना अगदी सरळ, सैल, शांत बसली होती. खांदे खाली. हात मांडीवर. आवाज आला तरी ती फिरली नाही, दचकली नाही. सासरी विहीर आहे, गाय आहे, सासू म्हातारी आहे, असं सांगत होती. सगळं बराबर होतं. सुखी बाई बसेल तशीच ती बसली होती; किंवा सुखी बाई कशी बसते हे जिनं नीट पाहिलंय, ती बसेल तशी.

एवढं निरखूनही सोनूबाईला समोरचं माणूस वाचता आलं नाही. मग तिनं विचारलं.

"जमना, बरी हायेस का तू?"

"हो बाई," जमना म्हणाली. "बरी हाय."

संतोषबाई दोघींकडं बघत होती. तिलाही काही कळलं नसावं. थोड्या वेळानं मूल जागं झालं आणि रडायला लागलं. जमनानं ते उचललं आणि दूध पाजायला आतल्या खोलीत गेली. शहागडकडं जाणारी मोटार सुटायची वेळ झाली होती, पण जमना बाहेर येईपर्यंत सोनूबाई पाटावरच बसून राहिली.